शंभरात एक: टॉमी जॉनच्या डाव्या कोपराचं प्रकरण

प्रकरण अभ्यासात माणसाचं नाव सहसा बदलतात. इथे ते करून उपयोग नाही, कारण ज्या शस्त्रक्रियेबद्दल हे प्रकरण आहे तिलाच त्याचं नाव पडलं आहे. अमेरिकेत कुठल्याही शाळेतल्या बेसबॉलच्या मैदानावर 'टॉमी जॉन झाली' असं म्हटलं, की मुलगा दीडेक वर्ष खेळणार नाही हे सगळ्यांना कळतं. त्या नावामागे एक माणूस होता, त्याला एक निर्णय घ्यायचा होता आणि तो घेताना त्याच्या डॉक्टरकडे मागचं एकही उदाहरण नव्हतं, हे मात्र विसरलं जातं. म्हणून हे लिहितो आहे.

पार्श्वभूमी

टॉमी जॉनचा जन्म 1943 चा, इंडियाना राज्यातल्या टेरे होट या गावचा. डावखुरा पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा. 1963 मध्ये क्लीव्हलँडच्या संघातून तो मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, उतरला, मग शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला, आणि 1971 च्या अखेरीस अदलाबदलीत लॉस एंजलिस डॉजर्सकडे आला. वेग हे त्याचं शस्त्र कधीच नव्हतं. त्याचा भरवसा सिंकरवर होता. हा चेंडू बॅटरजवळ येताना खाली बसतो, त्यामुळे फटका हवेत न जाता जमिनीवर जातो आणि क्षेत्ररक्षक तो अडवून धावपटूला बाद करतात. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर हा यष्ट्या उडवणारा गोलंदाज नव्हे, टप्पा धरून चुका करायला लावणारा.

बेसबॉलमध्ये संघ जिंकला की तो विजय एका पिचरच्या खात्यावर लिहिला जातो आणि पराभवही तसाच. 1974 च्या जुलैच्या मध्याला जॉनच्या खात्यावर 13 विजय आणि 3 पराभव होते. बारा हंगामांतली ही त्याची सर्वांत चांगली सुरुवात. डॉजर्सचा संघ अंतिम मालिकेच्या वाटेवर होता आणि जॉन 31 वर्षांचा होता.

आणखी एक गोष्ट पार्श्वभूमीतच सांगायला हवी. त्या काळी खेळाडू क्लबला बांधलेला असे. करार संपला तरी क्लब त्याला आपल्याकडेच ठेवू शके, दुसरीकडे जाण्याची मुभा नव्हती. हात गेला की क्लब नाव कमी करणार, आणि दुसरा कुणी घेणार नाही. डॉजर्सचा महान डावखुरा सँडी कूफॅक्स 1966 मध्ये 27 सामने जिंकला आणि त्याच वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी, कोपराच्या संधिवातामुळे निवृत्त झाला. त्याचा आजार वेगळा होता, पण खेळाडूंना त्यातून एवढंच कळलं होतं की कूफॅक्सचंही कोपर वाचलं नाही. अशा हाताला 'मेलेला हात' म्हणत आणि पुढे काही विचारत नसत.

समस्या

17 जुलै 1974, डॉजर स्टेडियम, माँट्रियल एक्सपोजविरुद्ध तिसरी इनिंग (सामन्यात असे नऊ डाव असतात). दोन धावपटू बेसवर होते. समोर हॅल ब्रीडन. एका चेंडूत दोघं बाद व्हावेत म्हणून जॉनने सिंकर टाकला. चेंडू सुटण्याच्या क्षणी हातात काहीतरी झालं. हात आपल्या जागी राहिलाच नाही, कुठेतरी दुसरीकडेच गेला, अशा शब्दांत त्याने पुढे ते सांगितलं आहे. त्याने आणखी एक चेंडू टाकून पाहिला. तोही तसाच गेला. मग तो स्वतःच माउंडवरून, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावरून, उतरला.

तुटलं होतं ते कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट. दंडाचं हाड आणि हाताचं आतलं हाड यांना बांधून ठेवणारा हा छोटा पट्टा. आपल्याला रोजच्या जगण्यात तो जवळजवळ लागतच नाही. पिचरला मात्र प्रत्येक चेंडूला लागतो. क्रिकेटच्या गोलंदाजाने चेंडू टाकताना कोपर सरळ करायचं नसतं, नियम तसाच आहे. पिचर मात्र कोपर वाकवूनच सुरुवात करतो. खांदा मागे फिरतो, मग झटक्याने पुढे येतो, आणि त्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडायला बघतं. ते उघडू न देण्याचं काम हे लिगामेंट करतं. मृतदेहांच्या कोपरांवर पुढे चाचण्या झाल्या, तेव्हा दिसलं की वेगवान पिच टाकताना कोपरावर येणारा ताण हे लिगामेंट एकट्याने सोसू शकत नाही इतका असतो. आजूबाजूचे स्नायू भार वाटून घेतात म्हणून ते टिकतं. ते थकले, की भार पुन्हा लिगामेंटवर.

डॉजर्सचे डॉक्टर होते फ्रँक जोब. 1972 मध्ये जॉनच्या याच कोपरातले हाडाचे कण त्यांनी काढले होते, म्हणजे ओळख आणि विश्वास दोन्ही आधीचे. त्यांनी आधी विश्रांती सांगितली. काही आठवड्यांनी जॉनने पुन्हा चेंडू टाकून पाहिला. दुखणं फारसं नव्हतं, पण चेंडू जाईचना. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण दुखण्यावरून इजा मोजतो. इथे दुखणं ओसरलं होतं आणि इजा तशीच होती.

समोरचे पर्याय

पर्याय कागदावर तीन होते.

पहिला, काहीच न करणं. या कोपराने जॉन गाडी चालवू शकला असता, मुलांना उचलू शकला असता, गोल्फही खेळला असता. फक्त पिचिंग संपलं असतं. कोणत्याही वैद्यकीय मापाने हा वाईट पर्याय नव्हता, आणि तोवर सगळ्यांनी नाइलाजाने तोच स्वीकारला होता.

दुसरा, तुटलेलं लिगामेंट शिवणं. पण वर्षानुवर्षं झिजून त्याच्या दशा निघाल्या असतील तर टाका कशात घालणार?

तिसरा पर्याय जोब यांनी तोवर कोपरावर कधी वापरला नव्हता. लॉस एंजलिसजवळच्या रँचो लॉस अमिगोस रुग्णालयात पोलिओच्या रुग्णांवर काम करताना एका जागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून दुसरीकडे बसवण्याच्या शस्त्रक्रिया त्यांना जवळून ठाऊक झाल्या होत्या. हाताच्या शस्त्रक्रियांमध्येही ही युक्ती चालत असे. मग पिचरच्या कोपरात कंडरेचंच लिगामेंट का करू नये? हाताच्या शस्त्रक्रियांचे जाणकार डॉ. हर्बर्ट स्टार्क यांना त्यांनी सोबत घेतलं.

कंडरा कुठून घ्यायची याचं उत्तर निसर्गानेच ठेवलं होतं. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मधोमध दोरीसारखं जे उठून दिसतं ती पामारिस लाँगस या स्नायूची कंडरा. अनेकांना ती नसतेच आणि त्यांचं काही अडत नाही. म्हणजे ती काढली तर हाताचं काही बिघडत नाही. जॉनच्या उजव्या हाताला ती होती.

निर्णयाचा क्षण

यशाची शक्यता किती, असं जॉनने विचारलं. जोब यांनी शंभरात एक असं सांगितलं.

या आकड्याभोवती पुढे बरीच आख्यायिका तयार झाली. मी त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. शंभरात एक हे प्रमाण काढायला आधी शंभर रुग्ण लागतात. इथे एकही नव्हता. तो आकडा मोजमाप नव्हतं, डॉक्टरच्या मनातली भीती होती. तरीही तो सांगण्यात मोठा प्रामाणिकपणा होता, कारण त्यांनी भीती खालच्या बाजूला झुकवून सांगितली. 'बघू, होईल नीट' म्हणणं सोपं होतं. समोर संघाचा तारा, मागे क्लबचे मालक, आणि आपण क्लबचेच डॉक्टर. अशा जागी बसून रुग्णाला जवळजवळ 'नाही' सांगणं सोपं नसतं.

जॉनचा हिशेब सरळ होता. काहीच केलं नाही तर शंभरात शून्य. केलं तर शंभरात एक. हात रोजच्या कामाला लागतोच आहे, त्यामुळे हरण्यासारखं थोडं. त्याने होकार दिला.

पण हा हिशेब पूर्ण नव्हता. 'हरण्यासारखं थोडं' हे गृहीतच चुकीचं निघालं, त्याकडे लगेच येतो.

काय केलं

25 सप्टेंबर 1974 रोजी इंगलवूडमधल्या सेंटिनेला रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. दुखापतीला दहा आठवडे झाले होते. कोपर उघडल्यावर लिगामेंट शिवण्याच्या लायकीचं नाही हे दिसलं. मग दोन्ही हाडांना बोगदे पाडून उजव्या हातातली कंडरा त्यांतून इंग्रजी आठच्या आकारात ओवली आणि ताणून बांधली. ओवलेली कंडरा जिवंत राहते, तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात, आणि काही महिन्यांत ती लिगामेंटसारखी वागू लागते, हा विचार यामागे होता.

त्याच शरद ऋतूत डॉजर्स अंतिम मालिकेत पोहोचले आणि ओकलंडकडून हरले. जॉनचा हात प्लास्टरमध्ये होता.

मधली अडचण

कोपराच्या आतल्या बाजूने एक नस (मज्जातंतू) जाते. टेबलाला कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ती हीच. शस्त्रक्रियेनंतर जॉनच्या हातातली संवेदना जाऊ लागली, बोटं पंज्यासारखी वाकली, पकड गेली. डिसेंबरमध्ये जोब यांना पुन्हा कोपर उघडून नस मोकळी करावी लागली.

इथे हिशेब बदलला. आता प्रश्न पिचिंगचा नव्हता. आधी धडधाकट असलेल्या हाताने शर्टाचं बटण लावता येईल का, इथवर गोष्ट आली होती. नस पुन्हा वाढते, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा, म्हणजे जॉनला किती महिने थांबावं लागणार होतं ते कळेल. कोणताही व्यायाम हा वेग वाढवत नाही.

1975 चा पूर्ण हंगाम तो खेळला नाही. पण मैदान सोडलं नाही, चेंडूही सोडला नाही. बोटं ऐकत नसतानाही तो फेकत राहिला. या काळात संघातला माइक मार्शल त्याच्या कामी आला. मार्शल स्वतः पिचर, 1974 मध्ये एका हंगामात 106 सामन्यांत उतरण्याचा विक्रम केलेला, आणि शरीराच्या हालचालींचं शास्त्र शिकणारा. कोपरावर कमी ताण येईल अशी हालचाल कशी ठेवायची हे जॉन त्याच्याशी बोलून शिकला. शस्त्रक्रियेच्या गोष्टीत मार्शलचं नाव फार कमी येतं. मला ते खटकतं, कारण जुन्याच पद्धतीने फेकलं असतं तर नवं लिगामेंटही जुन्याच वाटेने गेलं असतं.

डॉजर्सने याच काळात आणखी एक गोष्ट केली: घाई केली नाही. वर्षाच्या अखेरीस ॲरिझोनातल्या शिकाऊ खेळाडूंच्या लीगमध्ये त्याला पिच करू दिलं. बत्तीस वर्षांचा, बारा हंगाम खेळलेला माणूस विशीतल्या पोरांसमोर उभा राहिला.

परिणाम

16 एप्रिल 1976 रोजी अटलांटाविरुद्ध जॉन पुन्हा मेजर लीगच्या माउंडवर चढला. दुखापतीला एकवीस महिने झाले होते. तो सामना तो हरला. त्या हंगामात 10 विजय, 10 पराभव, पण पिच केल्या 207 इनिंग. विजयांपेक्षा मला तो 207 चा आकडा जास्त बोलका वाटतो. कोपर पूर्ण हंगाम टिकलं.

1977 मध्ये त्याने 20 सामने जिंकले. त्याआधी एका हंगामात 20 विजय त्याला कधीच मिळाले नव्हते. 1979 मध्ये 21 आणि 1980 मध्ये 22. एकूण 288 विजयांपैकी 124 शस्त्रक्रियेआधीचे आणि 164 नंतरचे. 1989 मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, 26 हंगाम खेळून तो थांबला.

दरम्यान खेळाडूंचं जगही बदललं होतं. 1975 मध्ये त्याचाच सहकारी अँडी मेसरस्मिथ करार न करता पूर्ण हंगाम खेळला, आणि लवादाच्या निर्णयाने खेळाडूंना क्लब बदलण्याची मोकळीक मिळाली. त्यामुळेच 1978 च्या अखेरीस जॉन आपल्या मर्जीने न्यूयॉर्क यँकीज या संघाकडे गेला. हात वाचला आणि त्या हाताची किंमत मागण्याचा हक्कही मिळाला, हे दोन्ही एकाच खेळाडूच्या वाट्याला दोन वर्षांत आलं.

अंतिम मालिका तो तीनदा खेळला आणि एकदाही जिंकला नाही. 1981 मध्ये यँकीजकडून खेळताना तो हरला तो डॉजर्सकडूनच. बेसबॉलमधल्या दिग्गजांचा मान असलेल्या हॉल ऑफ फेममध्येही तो गेलेला नाही. बेसबॉल लेखकांच्या मतदानात त्याचं नाव पंधरा वर्षं होतं, 2009 मध्ये शेवटच्या वेळी 31.7 टक्के मतं पडली. 300 विजयांना फक्त 12 कमी. 1975 चा हंगाम मिळाला असता तर, हा विचार कुणाच्या मनात येणार नाही? जोब यांचा मात्र 2013 मध्ये कूपरस्टाउनला हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात गौरव झाला, आणि जॉन तिथे हजर होता. पुढच्या वर्षी जोब गेले.

काय वेगळं करता आलं असतं

दुखापतीनंतरचा तो दुसरा चेंडू टाकायला नको होता. त्याने निकाल बदलला असं म्हणता येत नाही, लिगामेंट बहुधा आधीच गेलं होतं. पण हात काहीतरी वेगळंच सांगतो आहे हे कळल्यावरही 'आणखी एकदा बघू' म्हणणं, ही सवय आजही प्रत्येक मैदानावर दिसते.

नसेचा धोका आधी बोलला गेला असता, तर जॉनने कदाचित होकारच दिला असता. पण मग तो पूर्ण हिशेबावर दिलेला होकार ठरला असता. पर्याय मांडताना 'काहीच न करणं' याच्या बाजूला धडधाकट हात होता आणि 'शस्त्रक्रिया' याच्या बाजूला फक्त यश-अपयश. बिघडण्याचा रकाना कोराच राहिला. पुढे शस्त्रक्रियेच्या पद्धती बदलल्या आणि नसेला हात न लावता काम करणारी पद्धत आली, हे बरंचसं याच अनुभवातून शिकून.

क्लबचा डॉक्टर खेळाडूचा सल्लागार असावा का, हा प्रश्न या प्रकरणात सुदैवाने टोकाला गेला नाही, कारण डॉक्टर जोब होते. दुसरं कुणी असतं तर? मला वाटतं, खेळाडूला बाहेरच्या डॉक्टरचं मत घेण्याची सोय क्लबनेच करून द्यायला हवी होती.

एक गोष्ट मात्र नेमकी बरोबर झाली आणि तिची दखल फारशी घेतली जात नाही. शस्त्रक्रिया झाल्यावर जोब लगेच पुढचा रुग्ण शोधायला गेले नाहीत. जॉनचं कोपर हंगाम टिकतं की नाही ते त्यांनी आधी पाहिलं. दुसरा पिचर, ब्रेंट स्ट्रॉम, त्यांनी 1978 मध्ये हाती घेतला. सविस्तर शोधनिबंध 1986 मध्ये आला, 16 खेळाडूंचा, आणि त्यांपैकी 10 पूर्वीच्या पातळीवर परतले असं त्यात प्रामाणिकपणे लिहिलं. एका चमत्कारावर दुकान मांडलं नाही.

आता उलट बाजू. आज मेजर लीगच्या पिचरांपैकी या शस्त्रक्रियेनंतर दहापैकी साधारण आठ परत येतात. शंभरात एकवरून इथवर. पण त्याच यशाने दुसरा गैरसमज पसरवला. अमेरिकेत 2007 ते 2011 दरम्यान झालेल्या या शस्त्रक्रियांच्या एका अभ्यासात निम्म्याहून जास्त रुग्ण 15 ते 19 वयाचे निघाले. दुसऱ्या एका पाहणीत शाळकरी खेळाडूंपैकी निम्म्यांना वाटत होतं की कोपर धड असतानाही ही शस्त्रक्रिया करून घ्यावी, म्हणजे वेग वाढतो. वेग वाढत नाही. परतलेला खेळाडू ताजातवाना दिसतो तो वर्षभराच्या विश्रांतीमुळे आणि व्यायामामुळे. 2006 मध्ये आलेल्या एका अभ्यासात वर्षातले आठ महिन्यांपेक्षा जास्त पिच करणाऱ्या मुलांना शस्त्रक्रियेचा धोका पाचपट आढळला, आणि हात थकलेला असताना वारंवार पिच करणाऱ्यांना छत्तीसपट. थकल्यावर स्नायू भार सोडतात आणि तो लिगामेंटवर येतो, हे वर सांगितलं ते इथे आकड्यात दिसतं. लहान मुलांच्या बेसबॉलची संघटना असलेल्या लिटल लीगने 2007 पासून मुलांनी दिवसाला किती चेंडू टाकायचे याला मर्यादा घातली.

आपल्याकडे शाळांमधून सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळणारी मुलं आहेत, आणि सीमारेषेवरून थ्रो करणारी क्रिकेटची तर गल्लोगल्ली. प्रशिक्षकाने रोज दोन गोष्टी विचाराव्यात: आज किती चेंडू टाकले, आणि हात थकला आहे का. दुखतंय का, हा प्रश्न पुरेसा नाही. जॉनचं दुखणं ओसरलं होतं.

स्वतः जॉन लहान मुलांवर होणाऱ्या या शस्त्रक्रियांविरुद्ध जाहीरपणे बोलत आला आहे. आपलं नाव शाळकरी पोरांच्या कोपराला लागलेलं त्याला आवडत नाही. त्याला हात दुरुस्त करून घ्यावा लागला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता आणि बारा हंगाम खेळून झाले होते.